बँकर इंजिन म्हणजे काय? घाटात रेल्वेला मागून धक्का का लागतो?

मुंबईहून पुण्याला जाताना गाडी कर्जतला थांबते ती वडापावसाठी, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. खिडकीतून वडापाव घेईपर्यंत मागून हलकासा धक्का बसायचा. तो कसला, हे कळायला बरीच वर्षं गेली. शेवटच्या डब्याला दोन-तीन इंजिनं येऊन लागायची, त्याचा तो धक्का. या इंजिनांना 'बँकर' म्हणतात. बँकेशी त्यांचा काही संबंध नाही. चला, ती कशासाठी लागतात ते बघू.

चढ किती आहे?

कर्जत–लोणावळा (बोरघाट) आणि कसारा–इगतपुरी (थळघाट) या दोन्ही घाटांत सगळ्यात तीव्र चढ १:३७ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर जाते. रस्त्यावरच्या बाइकला हा चढ काहीच वाटणार नाही. पण रेल्वेचं लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं आणि तिथे पकड फार कमी असते. सपाटीवर हाच फायदा ठरतो, कारण कमी ताकदीत गाडी पळते. घाटात मात्र तोच तोटा होतो.

थोडं गणित

२४ डब्यांची गाडी धरा. एक डबा ढोबळमानाने ५० टन, म्हणजे डबे झाले १२०० टन. इंजिनाचे १२३ टन मिळवले की १३२३ टन. याला ३७ ने भागा. उत्तर येतं जवळपास ३६ टन. नुसतं गुरुत्वाकर्षण गाडीला एवढ्या जोराने मागे ओढत असतं. वळणांचं आणि चाकांचं घर्षण वेगळंच.

आता डब्ल्यूएपी-७ सारखं दमदार इंजिन सुरुवातीला जास्तीत जास्त साधारण ३३ टनांचा ओढ देतं. म्हणजे एकटं इंजिन कमीच पडणार. त्यात पावसाळ्यात रूळ ओले झाले की चाकं जागेवरच फिरायला लागतात, मग रुळावर वाळू सोडावी लागते.

मग मागेच का? पुढे का नाही लावत?

हा प्रश्न मलाही पडला होता. सगळी इंजिनं पुढे लावली, तर पूर्ण गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येईल. ते तुटलं तर मागचे डबे उताराला लागतील. बँकर मागे असला की ताण वाटला जातो: पुढचे डबे ओढले जातात, मागचे ढकलले जातात. शिवाय कुठे कपलिंग तुटलंच, तर डब्यांच्या खाली इंजिन उभं असतं. म्हणजे बँकर ताकदही देतो आणि राखणही करतो.

बँकरवर वेगळा चालक असतो. पुढच्या आणि मागच्या चालकांचा ताळमेळ वॉकीटॉकी आणि शिट्टीच्या खुणांनी राखला जातो. तो चुकून चालत नाही, कारण वळणावर मागून जास्त रेटा बसला तर डबे रुळावरून उतरू शकतात. लोणावळ्याला किंवा इगतपुरीला पोचलं की बँकर सुटतो आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली येतो.

उतरताना काय?

उतरताना ताकद लागत नाही, ब्रेक लागतो. म्हणून घाटात 'कॅच सायडिंग' आहेत. मुख्य मार्गातून फुटून वर चढत जाणारा हा आडमार्ग असतो. गाडी ठरलेल्या जागी थांबून ब्रेक ठीक असल्याचं सिद्ध करते, मगच तिला पुढचा मार्ग मिळतो. थांबली नाही, तर ती आपोआप आडमार्गाला जाते आणि चढावर तिचा वेग मरतो.

खेकड्यापासून वंदे भारतपर्यंत

बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, थळघाटातून १८६५ मध्ये. १९३० च्या सुमाराला दोन्ही घाटांत वीज आली. त्या काळातल्या डब्ल्यूसीजी-१ या इंजिनाला लोक 'खेकडा' म्हणायचे. आज तिथे बहुतेक डब्ल्यूएजी-७ सारखी मालगाडीची इंजिनं धक्का देतात.

फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्या बँकरशिवाय घाट चढतात. त्यांच्या मोटर एका इंजिनात नसून डब्यांखाली विखुरलेल्या असतात. निम्मी चाकं स्वतःच जोर लावतात, त्यामुळे पकडही जास्त मिळते.

बाकी बहुतेक गाड्यांना मात्र अजून बँकर लागतोच. पुढच्या वेळी कर्जतला किंवा कसाऱ्याला मागून धक्का बसला, तर वडापाव सांभाळा आणि जमलं तर शेवटच्या डब्याकडे एक नजर टाका. पुढचा घाट तुम्ही त्या इंजिनांच्या भरवशावरच चढणार आहात.