पाऊणकीचे चार गुण

आमच्या शेंदूरजनाघाटच्या पोरांना हिशेब येत नाही असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. संत्र्याचं आणि कलमांचं गाव हे. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधायचा, कलमं शेकड्याने मोजायची, संत्र्याचा सौदा हजाराच्या भावाने करायचा, हे सगळं पोरं बापामागे फिरता फिरता शिकत. आणि हीच पोरं शाळेत गणितात नापास होत!

मी 1956 साली शाळेत गेलो तेव्हा रुपया सोळा आण्यांचा होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी... रोज संध्याकाळी कंदिलासमोर बसून म्हणायची. घोकंपट्टीच होती, नाही कशाला म्हणू? पण ती चलनाला चपखल बसे. पाव रुपया म्हणजे चार आणे, पाऊण म्हणजे बारा. 1 एप्रिल 1957 ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, पुढच्या वर्षापासून मेट्रिक वजनं आली. शेर, मण गेले. बदल चांगलाच होता. फक्त अपूर्णांकांचे पाढे त्याबरोबर हळूहळू शाळेतून गेले आणि बाजारात राहिले.

मी 1973 साली शिक्षक झालो. बी.ए. झालेला माणूस, विषय मराठी आणि इतिहास. पण शाळेत गणिताला कोणी नव्हतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. तेव्हा नव्या आकृतिबंधाची गडबड होती. 1975 ला दहावीची पहिली शालान्त परीक्षा व्हायची होती. आम्हां शिक्षकांच्या तोंडी एकच शब्द, पायऱ्या. रीत मांडली की गुण, नुसत्या उत्तराला नाही. मी स्वतःच कच्चा, त्यामुळे या नियमाला घट्ट धरून होतो.

1974 ची सहामाही, आठवीचा पेपर. मीच प्रश्न काढला होता: शेकडा 12 रुपये 50 पैसे दराने 750 संत्र्यांची किंमत किती? चार गुण. अपेक्षित रीत एकमान पद्धत. आधी एका संत्र्याची किंमत, साडेबारा पैसे, मग 750 ने गुणाकार.

एका मुलाने नुसतं उत्तर लिहिलं, 93.75 रुपये. मी शून्य दिलं. कॉपी केली असणार, दुसरं काय! वर्गात उभं करून विचारलं तेव्हा म्हणाला, "हजाराचे सव्वाशे होते ना जी. पाव हजार कमी, म्हणून सव्वाएकतीस काढून टाकले. पावणेचौऱ्याण्णव. एवढ्यासाठी काय मांडा लागते?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि गुण तसेच ठेवले.

पाऊणकी मला पाठ होती हो! सव्वाशेचा पाऊण. तरी ती मला त्या क्षणी गणित वाटली नाही, बाजार वाटला.

2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात पंचवीसला 'वीस पाच' म्हणायचं आलं आणि राज्यभर वाद पेटला. मंगला नारळीकरांनी त्याची बाजू शांतपणे मांडली. जोडाक्षरांमुळे मुलं संख्यांना घाबरतात हा त्यांचा मुद्दा मला पटला होता. पण त्या वादात पावणे आणि सव्वाची आठवण फारशी कोणाला झाली नाही. 'पावणेचौऱ्याण्णव' या एका शब्दात वजाबाकी करून ठेवलेली आहे, ती दशांश चिन्हात दिसत नाही.

2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवरही शेरा मारून पुढे जाऊ द्यावं अशी तरतूद आली. गावातल्या पारावर मोठी चर्चा झाली. कोणी म्हणे दर्जा घसरला, कोणी म्हणे गरिबाचं पोर वाचलं. किती गुणांना पास हे सगळे बोलत होते. गुण कशाला द्यायचे ते राहूनच गेलं.

तो मुलगा आठवीनंतर शाळेत आला नाही, बापासोबत कलमं बांधायला लागला. त्या सहामाहीत त्याला 40 पैकी 11 होते. पास व्हायला 14 लागत.