वितळतारेपासून प्रवाहमर्यादी भार-स्विचापर्यंत

विद्युत् मंडलांच्या संरक्षणाचा इतिहास म्हणजे वितळतारेचा व तिच्या वारसदारांचा इतिहास, असे सामान्यतः समजले जाते. या दृष्टीने पाहता आजचा प्रवाहमर्यादी भार-स्विच हा वितळतारेचाच एक लहान व सुधारलेला अवतार ठरतो. तथापि ही वंशावळ अपुरी आहे. वितळतार मंडल तोडते. भार-स्विच प्रथम प्रवाहाला मर्यादा घालतो आणि मग गरज पडल्यास मंडल तोडतो. या दोन क्रियांमागील उद्दिष्टे भिन्न असून त्यांचा उगमही भिन्न आहे.

वितळतारेचा पाया औष्णिक आहे. वाहकात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा नियम जूलने १८४१ च्या सुमारास मांडला. तारायंत्राच्या केंद्रांना विजेच्या आघातापासून वाचविण्यासाठी बारीक छेदाचा वाहक योजावा, अशी सूचना फ्रान्समध्ये ब्रेगे याने १८४७ साली केली. विद्युत् दिव्यांसाठी सुरक्षावाहकाचे एकस्व एडिसनला १८८० साली मिळाले आणि १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झाले. पुढे १९२४ साली जर्मनीत ह्यूगो श्टोट्स याच्या कारखान्यात औष्णिक व चुंबकीय क्रिया एकत्र आणणारा घरगुती मंडलखंडक तयार झाला. या सर्व साधनांचा हेतू एकच होता: तारा तापून आग लागू नये. त्यासाठी दोष काही काळ टिकला तरी चालत असे. शेजारचा दिवा क्षणभर मंदावला, तर त्यात कोणाचे नुकसान नव्हते.

अंकीय मंडलांच्या युगात हाच क्षण महत्त्वाचा ठरला. एका शाखेत शॉर्ट सर्किट झाले की सामाईक पुरवठ्याचा दाब कोसळतो. पुरवठ्याची स्वतःची क्षमता मर्यादित असल्यास वितळतार वितळण्याइतका प्रवाह तिच्यातून कधी वाहतही नाही. दरम्यान त्याच पुरवठ्यावरील निर्दोष मंडलांची स्मृती पुसली जाते. म्हणजे संरक्षण करावयाचे ते आता केवळ तारेचे नव्हे, तर शेजाऱ्याचे होय.

या प्रश्नाचे उत्तर वितळतारेच्या परंपरेत नव्हते. ते दाबनियंत्रकांच्या परंपरेत होते. ट्रान्झिस्टरयुक्त नियंत्रकात प्रवाहाच्या मार्गावर एक लहान रोधक ठेवीत. त्याच्या टोकांतील दाब सुमारे ०.६५ व्होल्ट झाला की दुसरा ट्रान्झिस्टर वाहू लागे आणि मुख्य ट्रान्झिस्टरचे नियंत्रण आवळीत असे. ०.६५ ओहमचा रोधक घेतल्यास मर्यादा १ अँपिअरची होई. सुमारे १९७० पर्यंत ही योजना, तापमान वाढताच बंद होण्याच्या सोयीसह, एकाच चकतीवर आली. रॉबर्ट विड्लरचा एलएम१०९ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. परंतु ५ व्होल्टांतून ०.६५ व्होल्ट केवळ मापनासाठी खर्च करणे स्विचाला परवडणारे नव्हते. बेल प्रयोगशाळेतील अटाला व कांग यांनी १९६० साली जाहीर केलेल्या मॉसफेटच्या शक्तिशाली आवृत्त्या पुढे उपलब्ध झाल्या. त्यांत मुख्य ट्रान्झिस्टरचीच एक लहान प्रतिकृती मापनासाठी वापरता येऊ लागली, आणि ही अडचण दूर झाली.

या दोन परंपरांना व्यापक प्रमाणावर एकत्र आणणारा प्रसंग म्हणजे १९९६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेले यूएसबी प्रमाण. चालू यंत्राला कोणीही, केव्हाही, कोणतेही उपकरण जोडावे, हे येथे गृहीतच धरले होते. यूएसबी २.० च्या नियमांनुसार पूर्ण शक्तीच्या द्वाराने ५०० मिलिअँपिअर प्रवाह द्यावयाचा असतो. उपकरण जोडताक्षणी दिसणारी धारिता १० मायक्रोफॅराडपेक्षा अधिक असू नये आणि वितरकाच्या बाजूस किमान १२० मायक्रोफॅराड धारिता असावी, असेही बंधन आहे. या आकड्यांचा अर्थ सोप्या गणिताने कळतो. ५ व्होल्टांवरील १२० मायक्रोफॅराडच्या धारित्राला रिकामे १० मायक्रोफॅराडचे धारित्र एकाएकी जोडले, तर दाब क्षणभर सुमारे ४.६ व्होल्टांवर येतो. स्विचाने तोच भार १ मिलिसेकंदात हळूहळू भरला, तर केवळ ५० मिलिअँपिअर पुरतात.

मात्र मर्यादा घालण्याची किंमत स्विचालाच मोजावी लागते. ०.१ ओहम रोधाच्या स्विचातून ०.५ अँपिअर वाहत असता त्यात २५ मिलिवॅट खर्च होतात. १ अँपिअर मर्यादेवर शॉर्ट सर्किट झाल्यास ५ वॅट, म्हणजे दोनशेपट. म्हणून उष्णतेने बंद होणे ही सोय येथे अपरिहार्य ठरते. त्यानंतर पुन्हा प्रयत्न करावा की बंदच राहावे, हा उपयोगाचा प्रश्न आहे. युरोपीय अवकाशयानांत बंद होऊन आदेशाची वाट पाहणारे मर्यादक रूढ आहेत. तेथे वितळतार बदलण्यास कोणी जाऊ शकत नाही.

अभिकल्पकाच्या दृष्टीने मर्यादा हा एक आकडा नसून पट्टा असतो. १ अँपिअरची मर्यादा तीस टक्क्यांनी ढळत असेल, तर ती ०.७ ते १.३ अँपिअर समजावी. खालचे टोक भाराच्या गरजेहून वर हवे. वरच्या टोकाचा भार मूळ पुरवठ्याला पेलला पाहिजे. चार द्वारांपैकी एक सदोष झाल्यास पुरवठ्याला २ नव्हे, तर २.८ अँपिअर द्यावे लागतात. हा हिशेब चुकला की पुरवठाच कोसळतो आणि शेजाऱ्याचे संरक्षण कागदावर राहते.

तरीही वितळतार इतिहासजमा झालेली नाही. मॉसफेट बिघडतो तेव्हा तो पुष्कळदा वाहक अवस्थेतच बिघडतो, आणि अशा वेळी मर्यादा उरत नाही. यास्तव काळजीपूर्वक केलेल्या रचनेत भार-स्विचाच्या मागे वितळतार आजही ठेवली जाते. पहिला शेजाऱ्याला वाचवितो, दुसरी आग टाळते. ही दोन कामे वेगळी आहेत, हे एकाला दुसऱ्याचा केवळ वारस मानणाऱ्या इतिहासात नजरेआड होते.