तारापूरची जुनी अणुभट्टी आणि न मिळालेला कागद

तारापूर हें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. वसईच्या मोहिमेंत, इ. स. १७३९ च्या जानेवारींत, चिमाजी आप्पांनीं तेथील पोर्तुगीजांचा किल्ला घेतला व त्या झुंजींत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्या रणाची हकीकत आज सांगतां येते, याचें कारण त्या मोहिमेचीं पत्रें दप्तरांत राहिलीं व पुढें अभ्यासकांच्या हातीं आलीं. त्याच गांवाच्या शेजारीं, समुद्रकांठीं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत देशांतलें पहिलें अणुविद्युत्केंद्र उभें राहिलें. तें जसजसें जुनें होत गेलें तसतशी त्याच्या सुरक्षिततेविषयीं नागरिकांची काळजी वाढत गेली. ही काळजी कितपत साधार होती, याचा निर्णय कागदावांचून होण्यासारखा नव्हता. आणि कागद असूनहि तो मिळाला नाहीं. या प्रकरणाची संगति लावण्याचा यत्न प्रस्तुत लेखांत केला आहे.

प्रथम मूळ वृत्तान्त पाहूं. डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकारानें हिंदुस्थान सरकारनें अमेरिकेशीं ऑगस्ट १९६३ मध्यें तीस वर्षांच्या मुदतीचा करार केला. १९६४ त इंटरनॅशनल जनरल इलेक्ट्रिक कंपनीस केंद्र संपूर्ण उभारून हवालीं करण्याचा मक्ता मिळाला. प्रत्यक्ष बांधकाम बेक्टेल कंपनीनें केलें. त्यासाठीं अमेरिकेनें सुमारें ८ कोटि डॉलरांचें कर्ज अल्प व्याजानें दिलें. प्रत्येकीं २१० मेगावॅट शक्तीच्या दोन भट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून रीतसर वीज देऊं लागल्या. डॉ. भाभांना तो दिवस पहावयास मिळाला नाहीं; १९६६ च्या जानेवारींत विमान अपघातांत त्यांचें निधन झालें होतें.

या भट्ट्यांची रचना थोडी समजून घेतल्यावांचून पुढील वादाचें मर्म लक्षांत येणार नाहीं. येथें युरेनियमच्या उष्णतेनें भट्टींतच पाणी उकळतें व ती वाफ थेट चक्कीवर जाते. शिवाय भट्टींतील तप्त पाण्याचा कांहीं भाग दुय्यम बाष्पजनकांतील बारीक नळ्यांतून फिरवून तेथेंहि निराळी वाफ तयार करण्याची योजना होती. या नळ्यांना पुढें गळती लागली. बाष्पजनक बाजूला काढावे लागले, आणि १९८४ च्या सुमारास प्रत्येक भट्टीची शक्ति २१० वरून १६० मेगावॅटवर आणण्यांत आली. खेरीज, काटकसरीच्या त्या काळच्या कल्पनेप्रमाणें, थंड करण्याच्या कांहीं यंत्रणा दोन्ही भट्ट्यांत सामाईक ठेवल्या होत्या. दोन घरांस एकच विहीर असावी तशी ही व्यवस्था. एरव्हीं सोईची, पण दोन्ही घरांस एकदम आग लागली तर अपुरी पडणारी.

याच पिढींतील परदेशी भट्ट्यांचें काय झालें, हें ताडून पाहणें उद्बोधक आहे. इटलींतील गारिल्यानो येथील भट्टी दुय्यम बाष्पजनकांतील बिघाडामुळेंच १९७८ मध्यें थांबली ती पुन्हां चालली नाहीं. जर्मनींतील गुंड्रेमिंगेन येथील पहिली भट्टी १९७७ च्या जानेवारींतील अपघातानंतर कायमची बंद झाली. अमेरिकेंतील ड्रेस्डन येथील पहिली भट्टी १९७८ मध्यें बंद झाली. तारापूर मात्र चालत राहिलें. याचें श्रेय तेथील अभियंत्यांना दिलेंच पाहिजे. १९७४ च्या पोखरण येथील स्फोटानंतर व १९७८ च्या अमेरिकन कायद्यानंतर तिकडून इंधन मिळणें दुरापास्त झालें, सुटे भाग येईनातसे झाले. १९८२ मध्यें इंधनाचा पुरवठा करण्याचें फ्रान्सनें पत्करलें. अशा कोंडींत या मंडळींनीं आपल्या हातांनीं भाग घडवून केंद्र चालू ठेवलें. वीजहि पुष्कळ वर्षें युनिटास एक रुपयाहून कमी दरानें पडत होती. परंतु यंत्र चालतें आहे, स्वस्त चालतें आहे, एवढ्यावरून तें सुरक्षित आहे असें अनुमान निघत नाहीं. किंबहुना स्वस्त वीज देणारें जुनें यंत्र बंद करण्यास कोणासच उत्साह नसतो, हीच शंकेची पहिली जागा होय.

शंका घेणारे लोक दोन प्रकारचे होते. एक वर्ग किनाऱ्यावरील घिवली, उच्छेळी, दांडी इत्यादि गांवांतील मच्छीमारांचा. केंद्रांतून समुद्रांत सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्यानें मासळी दूर गेली, ही त्यांची तक्रार; किरणोत्सर्गाचें भय तिच्या पाठोपाठ आलेलें. तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठविण्यांत आलीं, तेव्हां पुनर्वसनाचा तंटा मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. घर गेल्याचें दुःख आणि भट्टीचें भय हीं या लोकांच्या बोलण्यांत वेगळीं काढतां येत नाहींत, आणि इतिहासकारानें तीं ओढून वेगळीं काढूंहि नयेत. दुसरा वर्ग मुंबईच्या सुशिक्षितांचा. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर त्याचें लक्ष उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरांवर असलेल्या या केंद्राकडे वळलें. पहिला वर्ग डोळ्यांनीं पाहिलेलें सांगत होता. दुसरा कागद मागत होता.

हा कागद कोणता, तें आतां सांगतों. अणुशक्तीच्या नियमनासाठीं सरकारनें १९८३ च्या नोव्हेंबरांत एक निराळें मंडळ स्थापिलें. परंतु ज्या अणुशक्ति आयोगाच्या हाताखालीं तें ठेवलें, त्याचे अध्यक्ष हेच अणुशक्ति खात्याचे सचिव असत. ज्याची तपासणी करावयाची त्याच्याच हाताखालीं तपासनीस, अशी ही मांडणी. १९९३ च्या मार्चांत नरोरा येथें मोठी आग लागली. १९९४ च्या मेमध्यें कैगा येथें बांधकाम चालू असतां घुमटाचा भाग कोसळला. त्या सुमारास, १९९३ ते १९९६ पर्यंत, डॉ. अ. गोपालकृष्णन् हे नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकीर्दींत, १९९५ मध्यें, देशांतील सर्व अणुकेंद्रांतील सुरक्षिततेच्या उणिवांची एक यादी तयार झाली. तींत १३० बाबी असून त्यांपैकीं सुमारें ९५ अग्रक्रमाच्या म्हणून नोंदल्या होत्या. ही यादी एकट्या तारापूरची नव्हती, हें ध्यानांत ठेवावें. परंतु सर्वांत जुन्या भट्ट्या तारापूरच्या, म्हणून लोकांची दृष्टि तिकडेच गेली. अधिकारावरून उतरल्यावर डॉ. गोपालकृष्णन् यांनीं या भट्ट्यांविषयींच्या आपल्या शंका उघडपणें मांडल्या.

यादी आहे एवढें कळलें. यादींत काय आहे तें कळलें नाहीं. तेव्हां पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज् व मुंबईचें सर्वोदय मंडळ या संस्थांनीं उच्च न्यायालयांत ती उघड करण्याची मागणी केली. सरकारनें १९६२ च्या अणुशक्ति कायद्याचें १८ वें कलम पुढें केलें. त्या कलमान्वयें अशी माहिती गुप्त ठेवण्याचा अधिकार सरकारास होता. उच्च न्यायालयानें सरकारचें म्हणणें मान्य केलें, आणि २००४ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच निर्णय कायम केला. जाणण्याचा हक्क आहे, पण राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठीं त्यास मर्यादा घालतां येते, असा त्याचा इत्यर्थ.

कायद्याच्या दृष्टीनें हा निकाल असेल तसा असो. आमच्या मतें तारापूरपुरता तरी गुप्ततेचा युक्तिवाद लंगडा आहे. या दोन भट्ट्या आरंभापासून आंतरराष्ट्रीय देखरेखीखालीं होत्या. परदेशचे निरीक्षक येऊन इंधनाची कांडी न् कांडी मोजून जात. ते सुरक्षिततेची तपासणी करीत नसत, केवळ इंधनाचा हिशेब पाहत, हें खरें. तथापि ज्या जागेंत व्हिएन्नाहून आलेल्या गृहस्थास प्रवेश होता, तेथील नळांची प्रकृति कशी आहे हें पालघरच्या रहिवाशानें विचारूं नये, हें विलक्षण वाटतें. संरक्षणाचें रहस्य आणि गळक्या नळीची नोंद या दोहोंवर एकच मोहोर उमटली.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. सरकारपक्ष हातावर हात ठेवून बसला होता असें नाहीं. २००५-०६ मध्यें दोन्ही भट्ट्या थांबवून मोठी दुरुस्ती करण्यांत आली: संकटकाळचीं डीझेल यंत्रें नवीं व अधिक शक्तीचीं बसविलीं, सामाईक असलेल्या थंड करण्याच्या यंत्रणा भट्टीवार वेगळ्या केल्या, एक पूरक नियंत्रणकक्ष उभारला. हीं कामें चांगलींच झालीं. पण त्यांतून एक गोष्ट आपोआप शाबीत होते, ती ही कीं, सामाईक यंत्रणांविषयींची शंका पोकळ नव्हती; ती दूर होण्यास भट्ट्या सुरू झाल्यापासून छत्तीस वर्षें लागलीं.

११ मार्च २०११ रोजीं जपानांत फुकुशिमा येथें भूकंप व त्सुनामी यांमुळें अनर्थ झाला, तेव्हां तारापूरचें नांव पुन्हां सर्वतोमुखीं झालें. फुकुशिमाची पहिली भट्टी त्याच जनरल इलेक्ट्रिकच्या घराण्यांतली आणि १९७१ मध्यें चालू झालेली, म्हणजे तारापूरहून लहान. आपल्या किनाऱ्यास त्सुनामीचें भय नाहीं, असें त्या वेळीं पुष्कळ बोललें गेलें. इतिहासाच्या अभ्यासकानें यास मान डोलावूं नये. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत येऊन माणसें बुडालीं, ही कांहीं दंतकथा नव्हे. त्यापूर्वींच्या अशा लाटांच्या नोंदी पोर्तुगीज, इंग्रज व मराठी कागदांत शोधण्याचें काम आमच्यासारख्यांचेंच आहे. अभियंत्यांस मोडी वाचतां येत नाहीं. पुढें नोव्हेंबर २०१८ पासून त्याच जिल्ह्यांतील डहाणू व तलासरी तालुक्यांत लहान लहान भूकंपांचें सत्र सुरू झालें, आणि धुंदलवाडीच्या बाजूचे लोक रात्रीं घराबाहेर निजूं लागले. ते धक्के सौम्य होते. पण घर हालल्यावर लोकांस भट्टीची आठवण झाली यांत नवल काय?

फुकुशिमानंतर दीड वर्षानें, २०१२ मध्यें, महालेखापरीक्षकांनींहि आपल्या अहवालांत नियामक मंडळ सरकारच्या अधीन असल्याबद्दल व जुनीं केंद्रें मोडीत काढण्याच्या योजना तयार नसल्याबद्दल ताशेरे झाडले. मंडळास स्वतंत्र करण्यासाठीं २०११ मध्यें संसदेपुढें आलेलें विधेयक २०१४ मध्यें लोकसभेच्या मुदतीबरोबरच बारगळलें. तारापूरच्या दोन्ही जुन्या भट्ट्या २०२० मध्यें एकामागून एक थांबविण्यांत आल्या, आणि भट्टींत पाणी फिरविणाऱ्या मोठ्या नळ्या बदलण्याचें काम हातीं घेण्यांत आलें.

सरकारी दप्तर केव्हां उघडेल तेव्हां उघडो. तोंपर्यंत या प्रकरणाचीं दुसऱ्या बाजूचीं साधनें गांवोगांव विखुरलेलीं आहेत: ग्रामपंचायतींचे ठराव, भूसंपादनाच्या नोटिसा, मच्छीमार सोसायट्यांचे अर्ज व त्यांस आलेलीं उत्तरें, केंद्राभोंवतालच्या सोळा किलोमीटरांच्या टापूंत संकटकाळच्या कवायतींच्या वेळीं वाटलेलीं पत्रकें. समुद्राच्या दमट हवेंत असा कागद फार दिवस टिकत नाहीं, आणि अक्करपट्टी व पोफरण उठलीं तेव्हां घरांबरोबर कित्येक पेट्याहि हालल्या असतील. ज्यांच्यापाशीं असे कागद असतील त्यांनीं त्यांच्या तारीखवार नकला करून ठेवाव्या, आणि ज्या वृद्धांना जुनें गांव आठवतें त्यांच्या जबान्या त्यांच्याच बोलींत उतरवून घ्याव्या.