इमारत माहिती प्रतिमानन (बिम)
इमारतीची भूमिती, साहित्य, मोजमापे व खर्च एकाच संगणकीय त्रिमितीय प्रतिमानात साठवून वास्तुविशारद, संरचना अभियंता, सेवा सल्लागार व कंत्राटदार यांनी त्यावर मिळून काम करण्याची पद्धती. या कल्पनेचे मूळ चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या इमारत-वर्णन प्रणालीत सापडते.

कागदी नकाशांत प्रत्येकाचा नकाशा आपल्यापुरता बरोबर असतो. चूक दोन नकाशांच्या मध्ये दडते. वातानुकूलनाचा डक्ट नेमका बीममधून जातो, हे स्लॅब भरून सेंटरिंग उतरल्यावर कळते. मग एक तर डक्ट झाकणारे आतले छत खाली घ्यावे लागते किंवा काँक्रीटला भोक पाडावे लागते. सळई कापली गेली, तर दुखणे आणखी वाढते. सगळ्यांची प्रतिमाने एकमेकांवर ठेवली, की असा छेद पडद्यावरच दिसतो. यालाच संघर्ष-तपासणी म्हणतात. प्रतिमानाला वेळापत्रक जोडले, की चौथी मिती आणि खर्च जोडला, की पाचवी. महामेट्रोने नागपूर मेट्रोच्या उभारणीत ही पंचमितीय पद्धत वापरली.

ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बिम बंधनकारक केले. आयएसओ १९६५० ही मानकमाला २०१८ पासून प्रसिद्ध होऊ लागली. मात्र सॉफ्टवेअर विकत घेणे हा त्यातला सोपा भाग. प्रतिमानातील चुकीला जबाबदार कोण, हे करारात आधी लिहिले नसेल, तर जो तो आपली फाईल जपून ठेवतो आणि साइटवर पुन्हा कागदच फिरतात.