लुनापासून बुलेटपर्यंत : बायकांच्या गाडीची गोष्ट



दोन वर्षांमागं पावसाळ्यात एका रात्री आमच्या गटातल्या एका ताईचं लेकरू तापानं फणफणलं. तिचे मालक टेंपोत माल घालून मार्केटला गेलेले. दारात मोटारसायकल उभी, टाकीत पेट्रोल, किल्ली खुंटीला. आमच्यातल्या दोघींना स्कूटी येत होती, पण ही गाडी गिअरची. किक मारली की चालू व्हायची, क्लच सोडला की बंद पडायची. शेवटी लेकराला घोंगडीत गुंडाळून आम्ही फाट्यापर्यंत चालत गेलो. तिथं जीप मिळाली. लेकरू बरं झालं. पण गाडी दारात असताना आपण पायी का गेलो, हा प्रश्न काही मनातून जाईना. त्याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं.

1972 साली पुण्याच्या परिसरातल्या दोन कंपन्यांनी दोन गाड्या बाजारात आणल्या. एक बजाजची चेतक आणि दुसरी कायनेटिकची लुना. चेतक 150 सीसीची. लुना 50 सीसीची. सीसी म्हणजे इंजिनाच्या आत किती जागा आहे त्याचं माप. लुनाच्या इंजिनातली जागा अर्धा कप चहाएवढी, तर चेतकची साधारण दीड कपाएवढी. जागा जास्त तशी ताकद जास्त, आणि बहुधा गाडीचं वजनही जास्त.

चेतकला किक मारायची, डाव्या हाताच्या मुठीनं गिअर बदलायचा. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. आणि गाडी आली की ती बाप्यामाणसाची. बायको मागं एका अंगाला बसणार, मांडीवर एक लेकरू आणि दुसरं पुढं उभं. लुनाचं तसं नव्हतं. सायकलसारखे पायडल, क्लच नाही, गिअर नाही. सायकल येत असली की लुना आलीच म्हणायची. तालुक्याच्या शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्सबाई लुनावरून जाताना आमच्यातल्या मोठ्या मावश्यांनी पाहिल्या आहेत. लोक लुनाला हसायचे, पण बाईच्या हातात हँडल दिलं ते तिनंच.

पुढची पायरी 1984 ची. कायनेटिक आणि जपानची होंडा कंपनी एकत्र आल्या आणि कायनेटिक होंडा निघाली. गाडी 100 सीसीच्या घरातली, बटन दाबलं की सुरू, आणि गिअर नाहीत. किक मारताना साडी सावरायची कटकट संपली. 2001 साली ॲक्टिव्हा आली आणि बिनगिअरची स्कूटर गावोगाव पोचली.

आता दुसरी बाजू बघा. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. तिचं इंजिनही शंभराच्याच आसपास, म्हणजे कायनेटिक होंडाएवढंच. तरी एक गाडी 'बायकांची' ठरली आणि दुसरी 'गड्यांची'. ताकद सारखी, फरक फक्त क्लच-गिअरचा. कमी तेल पिणारी म्हणून गावानं गिअरची मोटारसायकलच जास्त घेतली. म्हणजे आपल्याला जी गाडी येते ती घरात नाही, आणि घरात आहे ती आपल्याला येत नाही. त्या रात्री आम्ही पायी गेलो ते यामुळं.

कायद्यानंही पायऱ्या मानल्या आहेत. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी 16 व्या वर्षापासून चालवायची मुभा आहे, बाकीच्या गाड्या 18 नंतर. बिनगिअरचं लायसन वेगळं, गिअरचं वेगळं. वय बघितलंय, गिअर बघितलाय. बाई की बाप्या, हे कायद्यानं कुठंही विचारलेलं नाही. ते विचारलं घरानं आणि गावानं.

सगळ्यात वरच्या पायरीवर बुलेट. 1955 पासून मद्रासला बनू लागलेली, 350 सीसीची, वजन दीडशे किलोच्या पुढं. ती बाईला पेलणार नाही असं सगळे म्हणायचे. पुण्यात 2011 साली बायकांनी 'द बायकर्नी' नावाचा स्वतःचा मोटारसायकल गट काढला. 2018 च्या 26 जानेवारीला दिल्लीच्या संचलनात सीमा सुरक्षा दलाच्या महिलांचं 'सीमा भवानी' पथक 350 सीसीच्या बुलेटवर कसरती करत गेलं. पुढं होत्या लडाखच्या स्टॅनझिन नोरयांग. चालत्या गाडी‌वर त्या उभ्या राहिल्या ते अंगातल्या जोरावर नाही, सरावावर. चालू गाडी आपलं वजन आपणच पेलते. आपल्याला तोल सांभाळायचा असतो, आणि डोईवर हंडे घेऊन चालणाऱ्या बाईला तोल शिकवायला लागत नाही.

मग आम्ही काय केलं? पायरीनं शिकलो. आधी महिनाभर स्कूटर. मग सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानात शंभर सीसीची गिअरची गाडी. पहिले दोन दिवस नुसता क्लच, पहिल्या गिअरमध्ये सावकाश सोडायचा आणि परत धरायचा. सगळ्यात अवघड गेला ब्रेक. स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात, मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायात. पाय विसरतो, आणि डावा हात सवयीनं क्लचच ब्रेक समजून दाबतो. म्हणून सराव मैदानातच, डोक्यावर हेल्मेट घालून. साडीऐवजी पंजाबी ड्रेस, ओढणी बांधलेली. पाय जमिनीला टेकतात का हे आधी बघायचं. एक गाडी पुरती हातात बसल्याशिवाय मोठीला हात लावायचा नाही. घाई केली त्या एकीचा गुडघा फुटला, तेही सांगायला हवं.

एक सासूबाई आधी म्हणाल्या, "गाडी काय बायकांचं काम हाय का?" आता त्याच बाजाराच्या दिवशी सुनेच्या मागं बसतात, आणि हळू चालव म्हणून दटावतात.

आमच्यातल्या सात जणींनी शिकाऊ लायसन काढलं, पाच जणींचं पक्कं झालं. बुलेट अजून कुणी चालवली नाही. तिची आम्हाला गरजही नाही. पण दारातली गाडी आता चालते.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एवढंच करा. दारातली गाडी किती सीसीची आहे, गिअरची की बिनगिअरची, ते बघा. आणि रात्री वेळ आली तर ती कोण चालवणार, ते घरात विचारा. उत्तरात तुमचं नाव नसेल, तर येत्या रविवारी मैदान मोकळंच असतं.