अंगठ्याआधीचा सल्ला

कापूरहोळचे नाव इतिहासात येते ते धाराऊ गाडे यांच्यामुळे. १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, म्हणून कापूरहोळच्या या माउलीने बाळराजांना दूध पाजले. दुसऱ्याची ठेव जिवापलीकडे जपणे म्हणजे काय, हे या गावाला वेगळे सांगायला नको. आमच्या घरी अशा ठेवीला अमानत म्हणत.

याच कापूरहोळच्या फाट्यावर, बऱ्याच वर्षांपूर्वी, वडिलांचे स्नेही असलेल्या तात्यांनी मला बोलावून घेतले. जमिनीचा तुकडा रस्त्यात गेला होता, हाती पैसा आला होता. टपरीवर शेजारी एक एजंट बसलेला. तात्या म्हणाले, "पोरा, तू बी.ए. झालायस. एवढा कागद वाच बघ." पुढच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'दामदुप्पट' होते. मागची बारीक अक्षरे मी नुसती नजरेखालून घातली आणि न कळलेले कळल्यासारखे करून म्हणालो, "ठीक दिसतंय, तात्या." दोन वर्षांत त्या कंपनीला कुलूप लागले. तात्यांनी मला शेवटपर्यंत बोल लावला नाही. तेच अधिक लागते.

गंमत पाहा, 'दामदुपट' हा आपल्याकडे मुळात ऋणकोच्या संरक्षणाचा नियम होता. व्याज मुदलाहून जास्त वसूल करायचे नाही, असा त्याचा अर्थ. पण कर्जाचा कागद लिहिणारा सावकार आणि अंगठा उठवणारा कुणबी, यांच्यामध्ये जाणता माणूस नव्हता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे केले. हेतू चांगला होता. पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला, त्यात सारावाढ झाली, आणि शेतकऱ्याचे कंबरडे मोडले.

कापूरहोळहून सासवड, जेजुरी, मोरगाव असे पूर्वेला गेले की सुपे लागते. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. लोकांचा मुख्य राग कागदांवर होता. वह्या आणि रोखे त्यांनी जाळले. न वाचता दिलेल्या अंगठ्यांचीच ती होळी होती.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे जिल्हे त्याखाली आले. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहावा, त्याला वाचून दाखवावा, मगच सही घ्यावी, असे ठरले. पावती मागण्याचा हक्क मिळाला. तडजोडीसाठी सलोखा करणारे मध्यस्थ नेमले गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. पळवाटाही निघाल्या. गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेतली जाऊ लागली. तरी एक गोष्ट कायद्याने मान्य केली: सही करणाऱ्याच्या बाजूने कागद वाचणारा कोणीतरी हवा.

आजचा आर्थिक सल्लागार म्हणजे तोच माणूस. सेबीने २०१३ मध्ये त्याच्यासाठी नियम केले. नोंदणीकृत सल्लागार फी आपल्याकडून घेतो. ज्याला सल्ला द्यायचा त्यालाच योजना विकून कमिशन कमवायचे नाही, हे त्याच्यावर बंधन आहे. खात्रीच्या नफ्याचे वचनही तो देऊ शकत नाही. तो आधी विचारतो: मुलीचे शिक्षण केव्हा, कर्ज किती, आजारपणासाठी बाजूला काय ठेवले? मगच पैसा कुठे ठेवायचा ते सांगतो, आणि सगळा एकाच ठिकाणी ठेवू देत नाही. चुका त्याच्याही होतील. पण एजंटाचे पोट विक्रीवर असते, याचे आपल्या फीवर. हा फरक लहान नाही.

डॉक्टरला फी देताना आपण कुरकुरत नाही, सल्ल्याला मात्र पैसे द्यायला हात आखडतो. फुकटचा सल्ला किती महाग पडतो, हे तात्यांनी भोगले. तो मीच दिला होता. आता कोणी कागद पुढे केला, की मी म्हणतो, "बाबा, मला कविता कळते. हा कागद ज्याला कळतो, त्याच्याकडे चल. मीही बरोबर येतो."