चार भिंतींतले निर्णय

दरवर्षी १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होते. एकदा सातवीतल्या मुलाने विचारले, "सर, रझाकार म्हणजे आपणच होतो का?" वर्गात मला नीट उत्तर देता आले नाही. ते इथे देतो.

मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन १९२७ साली स्थापन झाली. बहादूर यार जंग यांचे १९४४ मध्ये निधन झाले आणि १९४६ च्या अखेरीस लातूरचे वकील कासिम रझवी मजलिसचे सदर झाले. स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी होती. १९४६ मध्ये ती उठली, पण पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. मैदानात मजलिस तेवढी उरली.

रशियात मंत्रिमंडळ असे, पण खरा निर्णय पक्षाच्या पॉलिटब्युरोत होई. हैदराबादेतही तसेच घडू लागले. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे जैसे थे करारासाठी दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाच्या घरांना रझाकारांच्या जमावाने वेढा घातला. शिष्टमंडळ गेलेच नाही. पंतप्रधान छतारीचे नवाब पायउतार झाले, मीर लायक अली आले. गादी निजामाची, हुकूम मजलिसच्या मूठभरांचा!

गावोगाव रझाकारांनी जुलूम केले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण विरोध करणारे मुसलमानही होते. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

१३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर किंमत कुणी मोजली? पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. मेलेल्यांत शेतकरी होते, विणकर होते. मजलिसच्या बैठकीत त्यांना कुणी कधी विचारले नव्हते. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही. रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात राहिले, सुटल्यावर पाकिस्तानात गेले. गावे इथेच राहिली.

बेटा, रझाकार म्हणजे आपण सगळे नव्हतो. आपल्या नावाने मूठभरांनी निर्णय घेतले आणि आपल्यातले बहुतेक गप्प राहिले. शोएबुल्ला खानही आपलेच होते. झेंडावंदनाला उभा राहशील तेव्हा हे नाव आठव.